नियमात बसणारा लंगडा

बंधू-भगिनींनो,

गेल्या सोमवारी माझ्या अपंगाच्या अनुदानाचं विचारायला मी तालुक्याच्या कचेरीचे दोन जिने चढून गेलो, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "काका, तुमचं नाव प्रलंबितमध्ये गेलंय."

प्रलंबित म्हणजे काय हो?

"म्हणजे बंद नाहीये. पण चालू पण नाहीये."

माझ्या डाव्या पायाचं इतकं अचूक वर्णन गेल्या बावन्न वर्षांत एकाही डॉक्टरला जमलं नव्हतं.

उतरताना जिन्याच्या वळणावर टेकलो (लिफ्ट आहे, तिच्यात जुन्या फायली ठेवल्यात) आणि मनात आलं, एवढा अनुभव गाठीशी आहे तो वाया का घालवा? सध्या सगळ्यांच्याच पोटात गोळा आलाय. ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी निराधार अनुदान योजनेतले आपले, म्हणजे अपंगांचे, महिन्याचे १,५०० चे २,५०० रुपये झाले, चौकाचौकात बॅनर लागले, आणि पेढ्याचा कागद चुरगाळून टाकायच्या आत व्हॉट्सॲपवर सुरू झालं: छाननी होणार, नावं उडणार, अमक्या गावात अर्धी यादी साफ झाली. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण लाडक्या बहिणींचं आपण डोळ्यांनी पाहिलंय. आधी ओवाळणी, मग मतदान, मग लाखो बहिणी अपात्र. बहिणींना जे चुकलं नाही ते लंगड्या भावाला काय चुकणार?

तेव्हा नाव यादीत टिकवायचं असेल तर नीट ऐका.

सगळ्यात आधी, दिसायला अपंग दिसा. नुसतं असून भागत नाही. पडताळणीला जाताना दाढी करू नका. इस्त्रीचा शर्ट तर मुळीच नको; इस्त्री केली की दाखल्यावरच्या चाळीस टक्के अपंगत्वाचे पस्तीस दिसायला लागतात, आणि चाळीसच्या खाली गेलात की संपलं. स्कूटीला साइडव्हील असतील तर ती दोन गल्ल्या अलीकडे लावा आणि तिथून खुरडत या. मागच्या खेपेला मी आतेभावाने दिलेला चांगला शर्ट घालून गेलो, तर रांगेतला एक धडधाकट गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "यांचं बरं असतंय." माझं बरं असतंय, हे मला तेव्हा कळलं.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसला हसरा फोटो ठेवू नका.

अपंगत्व निवडताना चोखंदळ राहा. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार दिलेत म्हणून हुरळून जाऊ नका. जो लांबून दिसतो तोच घ्या. सिकलसेल घेऊ नका, हिमोफिलिया घेऊ नका (दोन्ही रक्तातली दुखणी, लांबून दिसत नाहीत), मानसिक आजार तर अजिबात घेऊ नका. नंदुरबार-गडचिरोलीकडचा सिकलसेलचा पोरगा दोन पायांवर चालत खिडकीशी येतो, आणि आला तिथेच फसतो. रात्री हाडं ठणकतात तेव्हा कचेरी बंद असते ना. त्यापेक्षा पोलिओ उत्तम. पाय वाळलेला दिसतो, वाद मिटतो. आता पोलिओलाही अडचण आहेच. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मी राहून गेलो. त्यामुळे दर खेपेला कुणीतरी विचारतंच, "यात काही सुधारणा?" पूर्वी मी रागवायचो. आता "प्रयत्न चालू आहेत साहेब" म्हणतो. त्यांनाही बरं वाटतं.

झेरॉक्स तीन काढा. त्यातल्या दोन ते हरवतात.

कार्डावरची पट्टी बघून ठेवा. यूडीआयडीवर, म्हणजे अपंगाच्या ओळखपत्रावर, चाळीस टक्क्यांपासून पिवळी, ऐंशीपासून निळी. पिवळी असेल तर दिल्लीकडे बघूसुद्धा नका. केंद्राच्या इंदिरा गांधी योजनेतून पेन्शन हवी असेल तर ऐंशी टक्के अपंग आणि दारिद्र्यरेषेखालचे, असे दोन्ही असावं लागतं. एवढी तपश्चर्या केल्यावर दिल्लीला जी दया येते ती महिन्याला ३०० रुपयांची. २०१२ पासून तेवढीच आहे. ढळली नाही. अशी अढळ वस्तू आमच्या घरात दुसरी एकच, मोरीचं तुंबलेलं पाणी.

महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर जाऊ नका. दहाच्या आत जाऊ नका. मधल्या दिवसांत सर्व्हर असतो.

आता अंगठा. माझं घोडं तिथेच अडलंय, म्हणून जरा सविस्तर. पैसे थेट खात्यात, म्हणून आधार जोडा; आधार जोडायचं, म्हणून अंगठा द्या. मी दिला. उमटेना. पुसून दिला, ओला करून दिला, कोमट पाण्यात बुडवून दिला. दहाही बोटं झाली. शेवटी मशीनवाला पोरगा माझा तळवा उलटापालटा करत म्हणाला, "काका, हाताला काय केलंत?"

चाललो, म्हटलं.

त्याला कळलं नाही. कुबडीच्या मुठीवर पन्नास वर्षं अंगाचा भार टाकला की तळहाताला घट्टे पडतात आणि बोटांवरच्या रेषा झिजून जातात. पायांचं काम हातांनी केलं, त्याची ही पावती. पाय नाहीत म्हणून अनुदान मिळालं; पायांचं काम हातांनी केलं म्हणून ते अडलं. त्यावर डोळ्याचं मशीन असतं म्हणे. होतं. चार्जर नव्हता. मग चेहरा. आधारवरच्या फोटोत मी गुळगुळीत दाढी केलेला आहे आणि कचेरीत, वर दिलेल्या सल्ल्याप्रमाणे, न केलेला. तोही जुळला नाही. म्हणून सांगतो, चालू नका. रांगा, घसरा, कुणाच्या तरी पाठुंगळी बसा, पण बोटं जपा. सरकारला तुमच्या पायांपेक्षा त्यांची गरज जास्त आहे.

मरू नका. त्याचाही दाखला लागतो.

जिवंत आहात म्हणून निर्धास्तही राहू नका. त्याचाही लागतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कमवू नका. नियम सोपा आहे. सगळ्या कुटुंबाचं मिळून वर्षाचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत. इतर निराधारांना एकवीस हजार आहे, आपल्याला पन्नास, म्हणजे आपले लाडच म्हणायचे. पन्नास हजार भागिले बारा, ४,१६६ रुपये महिना, त्यात आई, बायको, दोन पोरं आणि मी. सरकारच्याच रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. घरातलं एकच माणूस त्या दराने वर्षात १६१ दिवस राबलं की ५०,२३२ होतात. झालं, घर श्रीमंत झालं. तेव्हा एकशे साठाव्या दिवशीच थांबायचं आणि उरलेले दोनशे पाच दिवस त्या माणसाने घरात हात बांधून बसायचं, म्हणजे अपंगाचं अनुदान टिकतं. हे शक्य नाही हे तलाठी भाऊसाहेबांना माहीत आहे, तहसीलला माहीत आहे, मुंबईला माहीत आहे. म्हणून तर आमच्या गावात प्रत्येकाच्या दाखल्यावर अठ्ठेचाळीस हजार असतात. किराणा दुकानवाल्याचे अठ्ठेचाळीस, मजुराचे अठ्ठेचाळीस, माझे अठ्ठेचाळीस. एवढी समता दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आणि एके दिवशी कुणाला वाटलं की याद्या छाटायच्या, तर तोच अठ्ठेचाळीसचा कागद बाहेर काढून विचारायचं, का हो, खोटं बोललात?

आमच्या आळीत एक ताई आहेत. उजवा पाय माझ्या डाव्यासारखाच, नवरा बागेत फवारणीला जातो. पाच-सहा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीतून त्यांना मोटर लावलेलं शिलाई मशीन मिळालं. सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, सगळे मशीनच्या मागे उभे राहिले, ताई पुढे बसल्या, फोटो निघाला. 'दिव्यांग भगिनी स्वावलंबी' असं खाली छापलं होतं. ताईंनी मनावर घेतलं. दारावर पाटी लावली, 'ब्लाउज, फॉल-पिको करून मिळेल'. सणाच्या महिन्यात दोन-अडीच हजार सुटायचे. नुसते सुटायचे, बरं का; त्यात दोरा, अस्तर, वीजबिल.

परवा गेलो तर पाटी नाही. म्हटलं, ताई, बंद केलंत का? तर म्हणाल्या, "नाही हो दादा, मागच्या दाराने येतात बाया. छाननीला कोण येईल काय सांगावं. कुणी फोटो काढला तर?" पाटी खाटेखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीय. मशीनवर चादर टाकलीय. बाई ब्लाउज शिवतेय की हातभट्टी लावतेय, कळेना.

कुणी विचार करा जरा. मशीन दिलं तेही सरकारने. त्यावर शिवलं तर पकडणार तेही सरकार. ताईंना अजून कुठलंही पत्र आलेलं नाही, नोटीस नाही, फोन नाही. नुसत्या भीतीने त्यांनी पाटी काढली. एक रुपया न कापता त्यांची कमाई कापून झाली. हिशोबनिसाला याहून स्वस्त कात्री कुठे मिळेल?

सल्ला द्यायला बसलो होतो ना मी. हां. तर पाटी लावू नका.

बोगस अपंग शोधताय म्हणे, साहेब. शोधा की! बोगस नाहीत असं कोण म्हणतंय? दोन्ही कानांनी ठणठणीत ऐकणारे कर्णबधिर आम्ही बदल्यांच्या मोसमात दरवर्षी बघतो. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून केवढा गदारोळ झाला, आणि तेव्हापासून बसमधला कंडक्टरसुद्धा माझ्या पायाकडे संशयाने बघतो. पण अपंगत्वाचा दाखला अपंग स्वतः लिहीत नाही. त्यावर डॉक्टरची सही असते, सिव्हिलचा शिक्का असतो. बोगस दाखला सापडला तर ती सही कुणाची, हे का बघत नाही? तिथे हात पोचत नाही म्हणून आमच्या ताईच्या दारातल्या पाटीवर पोचतो, एवढंच आहे हे.

आणि उपकार कसले हो? १९८० ची योजना आहे ही. कितीतरी वर्षं ६०० रुपये होते, २०१९ ला हजार झाले, २०२३ ला दीड हजार. कायद्याच्या चोविसाव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की इतरांना जे देता त्याहून अपंगांना किमान पंचवीस टक्के जास्त द्या. कायदा २०१७ पासून लागू. तरी २०२३ ला सगळ्यांना दीड हजार आणि आम्हालाही दीडच हजार. तेव्हा कुणी छाननी केली नाही की बाबा, कायद्याने १,८७५ बसतात, ३७५ कुठे गेले? आमच्यासाठी वेगळा विभाग काढला, २०२२ च्या डिसेंबरात, देशात पहिला म्हणे. अपंगांचे दिव्यांग झालो. आणि २,५०० साठी मी अजून तुमचे दोन जिने चढतोय.

मशीन खाली आणा. काही क्रांती करायला सांगत नाही मी. ते अंगठ्याचं डबडं उचला आणि तळमजल्यावर शिपायाच्या स्टुलावर ठेवा. ज्याचा अंगठा उमटत नाही त्याचं नाव वहीत लिहा, दोन साक्षीदार घ्या, आणि पैसे चालू ठेवून मग काय तपासायचं ते तपासा. आधी पैसे बंद आणि मग तपास, हे चोराशीसुद्धा करत नाहीत. त्याला निदान कोठडीत जेवण मिळतं.

आणि तुम्ही, रांगेतले गृहस्थ. "यांचं बरं असतंय" म्हणणारे. या एकदा. एक महिना माझी कुबडी घ्या, माझे २,५०० घ्या, वर माझा तो चांगला शर्टही देतो. आणि गावात कोण अपंग असून दोन पैसे कमावतो याचे अर्ज कचेरीत टाकणारे जे कोणी आहात, तुमची अक्षरं ओळखतात सगळे. ताईने चार ब्लाउज जास्त शिवले म्हणून तुमच्या ताटातलं काय कमी झालं? लाज वाटू द्या थोडी.

आपल्या लोकांनाही सांगतो. ते मेसेज पुढे ढकलणं आधी बंद करा. 'खात्रीलायक सूत्रांकडून' म्हणे. कुठलं सूत्र? तुमच्या एका फॉरवर्डने माणसं पाट्या उतरवतात. त्यापेक्षा दहा जण मिळून कचेरीत जा आणि लेखी मागा, की आमचं नाव का अडलं. एकेकटे जाता म्हणून जिना चढावा लागतो. दहा कुबड्या खाली दारात आडव्या झाल्या की साहेब आपोआप उतरतील.

खिडकीतल्या बाईंवर माझा राग नाही. एकट्या तीन टेबलं बघतात. निघताना त्यांनी पाणीही दिलं. "काका, पुढच्या सोमवारी या," म्हणाल्या, "पण अंगठा तेवढा नीट करून आणा."

रोज रात्री खोबरेल लावून झोपतोय.