काळी तार काळीशेजारी

जुना डेस्कटॉप घरात आला की माणूस सगळ्यात आधी नको तेच करतो: वायर लावतो आणि बटण दाबतो. माझा सल्ला उलटा आहे. वायर कपाटात ठेवा आणि स्क्रूड्रायव्हर काढा. ३८६ किंवा ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या जमान्यातलं मशीन सुरू होण्याआधी उघडावंच लागतं, आणि सुरू झाल्यावर पुन्हा उघडावं लागतं, तेव्हा स्क्रू हरवू नयेत म्हणून एक वाटी जवळ असू द्या.

पहिलं दर्शन बॅटरीचं घ्यायचं. मदरबोर्डवर, बहुतेक वेळा कीबोर्डच्या गोल सॉकेटच्या आसपास, ३.६ व्होल्टचं एक निळं किंवा हिरवं नळकांडं सोल्डर केलेलं असतं. निकेल-कॅडमियम बॅटरी. घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायचं एवढंच तिचं काम, पण वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही की ती गळायला लागते. जे गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते तांब्याच्या बारीक रेघा खातं, आयसीच्या पायांना हिरवट बुरा आणतं आणि जिकडे उतार असेल तिकडे सरकत राहतं. कीबोर्ड कंट्रोलर शेजारीच असल्याने पहिला बळी त्याचा जातो. मग मशीन अगदी गुणी बाळाच्या थाटात सुरू होतं, रॅम मोजतं आणि कीबोर्डच नाही म्हणून अडून बसतं. आपण कीबोर्डमागून कीबोर्ड बदलत राहतो. कीबोर्ड सगळे निर्दोष असतात.

बॅटरी कापून काढा. गळती अल्कली असल्याने तिच्यावर पांढरं व्हिनेगर चालतं: कापसाच्या बोळ्याने लावा, बुडबुडे थांबले की पाण्याने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. व्हिनेगर तसंच ठेवलंत तर बॅटरीने सोडलेलं तांबं ते संपवेल. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड अखंड आहे का ते सांगणाऱ्या सेटिंगवर, ठेवून एकेक रेघ तपासायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

त्या जागी सीआर२०३२ चा नाण्यासारखा सेल लावायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. मूळ बॅटरी रिचार्जेबल होती, म्हणजे बोर्ड तिला चालू असताना चार्ज करत असतो. या सेलला चार्ज केलेलं सोसत नाही. तो फुगतो, कधी फुटतोही. मध्ये एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घाला. पुष्कळ बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिना वेगळ्या दिलेल्या असतात, त्या वापरल्या तर सोल्डरिंगही वाचतं. काही बोर्डांवर मात्र बॅटरी दिसतच नाही, पण म्हणून खूश व्हायचं कारण नाही. तिथे डॅलस कंपनीची घड्याळाची जाडजूड काळी चिप असते, बॅटरी तिच्या पोटात, वरून रेझिन ओतलेलं. ती गळत नाही, नुसती मरते. मग चिपच्या कडेला १६ आणि २० क्रमांकाच्या पिनांपर्यंत कोरत जायचं, आतल्या मेलेल्या सेलची जोडणी तोडायची आणि बाहेरून नवा जोडायचा. दंतवैद्याचा हात आणि संन्याशाचा स्वभाव असेल तर जमतं.

आता एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. इथे विनोद जरा बाजूला ठेवतो. या एटी प्रकारच्या कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत थेट मेन्सचा करंट येतो. नुसता इशारा देणारं आजचं बटण ते नव्हे. त्याच्या मागच्या चार तारांपैकी कुठलीही सुटली असेल तर आधी प्लग काढायचा, मग विचार करायचा. मदरबोर्डला जाणारे दोन जोड असतात, पी८ आणि पी९, प्रत्येकी सहा तारांचे. दोन्हींचं प्लास्टिक सारखंच, त्यामुळे दोन्ही एकमेकांच्या जागी सुखाने बसतात. तसं झालं की जिथे ग्राउंड हवा तिथे ५ व्होल्ट येतात आणि ५ व्होल्टच्या एका पिनवर उणे १२. बोर्ड वाचला तर ते त्याचं नशीब. हे टाळण्याचं शास्त्र चार शब्दांचं आहे: काळ्या तारा मध्ये, एकमेकींशेजारी. बोर्ड न जोडता नुसता एसएमपीएस तपासत असाल तर त्याला काहीतरी लोड द्या, एखादी निकामी हार्ड डिस्कही चालेल. रिकाम्या पोटी तो एक तर सुरूच होत नाही किंवा काहीही व्होल्टेज दाखवतो.

डिस्प्ले आला नाही तर कान द्या. बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच बसवलेला प्रोग्राम) एएमआय कंपनीचा असेल आणि तीन बीप आले तर पहिल्या ६४ केबी रॅमची तक्रार, आठ आले तर डिस्प्ले कार्डाची. अवॉर्ड बायोस एक लांब आणि दोन आखूड बीप देऊन व्हिडिओचीच तक्रार करतो. दोन्हीवर पहिला उपाय एकच, खोडरबर. कार्डाच्या किंवा रॅमच्या कडेचे कॉन्टॅक्ट मऊ पांढऱ्या खोडरबराने घासा, भुगा झटका, परत बसवा. हा उपाय ऐकणाऱ्याला हसू येतं, पण निम्मी मशीनं तेवढ्यावर उठून बसतात असं माझं ठाम मत आहे. ३० पिनांची रॅम ४८६ मध्ये चाराच्या पटीतच लावावी लागते: एक पट्टी ८ बिटची, प्रोसेसरचा रस्ता ३२ बिटचा. तीन लावून 'थोडी कमी चालेल' असं मनाशी म्हटलंत तरी मशीन तसं म्हणत नाही. पट्टी तिरकी घालून उभी करायची. बाजूचे प्लास्टिकचे कान वयामुळे ठिसूळ झालेले असतात, जोर केला की हातात येतात.

इथून पुढे खरी गंमत. या मशीनला स्वतःविषयी जवळजवळ काहीच माहिती नसते. रॅम किती ते मोजतं, बाकी प्रोसेसर कोणता, वेग किती, कॅश मेमरी किती, व्होल्टेज किती, हे सगळं तुम्ही त्याला सांगायचं. आणि सांगायचं ते दोन पिनांवर काळी प्लास्टिकची टोपी घालून. जेपी१ पासून सुरू झालेली ही जंपरांची वस्ती जेपी४० पर्यंत जाते. तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. मॅन्युअल नसतं. अशा वेळी सुरुवातीला स्क्रीनच्या तळाशी जो लांबलचक बायोस नंबर येतो तो पॉझ दाबून उतरवून घ्या. बोर्ड कुणाचा आणि कुठला याचा सगळ्यात भरवशाचा धागा तोच. व्होल्टेजच्या जंपरला मात्र अंदाजाने हात लावू नका. ४८६ डीएक्स२-६६ ला ५ व्होल्ट लागतात, डीएक्स४ ला सुमारे ३.३. डीएक्स४ ला पाच दिलेत तर त्याचा वेग कितीने वाढतो हे बघायला तो शिल्लक राहत नाही. नाव डीएक्स४ असलं तरी तो चौपट धावत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो: ३३ चे तिप्पट, म्हणजे जवळपास १००. हिशेब कंपनीचा.

पण खोटेपणात पहिला नंबर कॅबिनेटच्या तोंडावरच्या हिरव्या आकड्यांचा. '६६' असं झळकतं आणि बघणाऱ्याला वाटतं मशीन आपला वेग मोजतंय. ते काहीच मोजत नाही. त्या छोट्या पाटीच्या पाठीमागेही जंपरच असतात, आकड्याच्या प्रत्येक दांडीसाठी वेगळे, आणि कोणती दांडी केव्हा पेटवायची हे बसवणारा ठरवतो. हवं तर ९९ लावा. शेजारच्या टर्बो बटणाचं नाव वाचून वेग वाढेल असं वाटतं, पण मशीन पूर्ण वेगाने धावतं ते मुळातच. बटणाचा खरा उपयोग त्याला हळू करणं हा. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ, आणि त्या वेगाचा हिशेब धरून लिहिलेले गेम नव्या मशीनवर इतके सुसाट पळत की खेळाडू मरायचा आणि नंतर त्याला कळायचं.

साउंड कार्ड लावलंत की इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या रांगांची, भानगड सुरू होते. एटी मशीनमध्ये या आयआरक्यू ० ते १५, म्हणजे सोळा रांगा, पण ऐकायला जेवढ्या भरघोस वाटतात तेवढ्या नाहीत. ० टायमरची, १ कीबोर्डची, २ दोन चिपांना जोडण्यात गेली, ३ आणि ४ सीरियल पोर्टांच्या, ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटरची, ८ घड्याळाची, १४ हार्ड डिस्कची. आयसा या त्या काळच्या स्लॉटमधली कार्डं एक रांग वाटून घेऊ शकत नाहीत. दोघांना एकाच खुर्चीवर बसवलं की दोघेही पडतात. म्हणून साउंड कार्ड सहसा ५ वर. पत्ता २२०, डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीशी बोलायची वाट) १. हे कार्डावरच्या जंपरांवर एकदा सांगायचं, सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधल्या ब्लास्टरच्या ओळीत दुसऱ्यांदा (ए२२० आय५ डी१) आणि गेमच्या सेटअपमध्ये तिसऱ्यांदा. तिन्ही जबाब जुळले पाहिजेत. आवाजाचा पहिला अर्धा सेकंदच परत परत ऐकू येत राहिला तर डीएमए नव्हे, आयआरक्यू चुकलाय.

हार्ड डिस्कचंही तेच. जुना बायोस तिला विचारत नाही, तुम्हाला विचारतो: सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. ४६ तयार प्रकार देतो, त्यातला एकही तुमचा नसतो. ४७ वा निवडून डिस्कच्या लेबलवरचे आकडे हाताने भरायचे. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर ही त्याची झेप. ५१२ बाइटने गुणलं की ५२.८ कोटी बाइट, म्हणजे ५०४ एमबी. त्यापुढची डिस्क त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. जुनी डिस्क खडखडत असेल तर आयडीई (डिस्क जोडायची त्या काळची पद्धत) अ‍ॅडॅप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावा, आवाज आणि काळजी दोन्ही मिटतात. बायोसमधला लो-लेव्हल फॉरमॅटचा पर्याय आयडीई डिस्कवर वापरायचा नाही. तो तिथे फक्त मोह म्हणून आहे.

फ्लॉपीच्या ३४ तारांच्या पट्टीत १० ते १६ या सात तारा पीळ देऊन उलट्या केलेल्या असतात. पिळाच्या पुढचा ड्राइव्ह ए, अलीकडचा बी. पट्टीची लाल कड एक नंबरच्या पिनकडे. उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा लागतो तो लागलेलाच राहतो.

एवढं करून डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रॉम्प्ट येतो आणि गेम सांगतो, मेमरी कमी आहे. रॅम ८ एमबी, गेमला हवेत ६०० केबी, तरी कमी! ८०८८ ला २० अ‍ॅड्रेस लाइन होत्या, म्हणजे १ एमबी. त्यातला वरचा ३८४ केबीचा भाग आयबीएमने व्हिडिओ आणि रॉमसाठी राखला, आणि उरलेल्या ६४० मध्ये डॉस, माउस, सीडी ड्राइव्ह आणि गेम यांनी दाटीवाटीने राहायचं. कॉन्फिग फाइलमध्ये आधी हायमेम, मग ईएमएम३८६ (६४० च्या वरची मेमरी उघडणारे हे दोन ड्रायव्हर), मग डॉसला वर हलवणारी डॉस हाय आणि यूएमबीची ओळ. पहिल्या दोघांचा क्रम मोडायचा नाही. उरलेले ड्रायव्हर डिव्हाइसहाय आणि एलएच लावून वर चढवा, मेम कमांडला तिरकी रेघ आणि सी जोडून कोण किती जागा अडवतंय ते बघा. सीडीचा एमएससीडीईएक्स सगळ्यात आडमुठा. शिवाय काही गेमना ईएमएम३८६ हवाच असतो आणि काहींना तो नजरेसमोर नको असतो. डॉस ६ मध्ये सुरुवातीलाच मेन्यू देता येतो, तेव्हा दोन घरं वेगळी मांडून द्या. डॉसचाच मेममेकर हा प्रोग्राम हे काम आपणहून करतो असा त्याचा दावा आहे. माझा त्याच्यावर विश्वास नाही.

शेवटी कॅबिनेटचं झाकण. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा जड पत्रा, दोन्ही बाजूंच्या खाचांत एकाच वेळी सरकवायचा, आणि आतल्या कडा तासलेल्या नसल्याने बोटं सांभाळायची. जंपरांची सगळी मांडणी पेन्सिलने कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा, मगच सरकवा. सरकताना पत्रा फ्लॉपीची पट्टी हमखास ओढतो. चालू केल्यावर फ्लॉपी वाचली जात नसेल तर स्क्रूची वाटी परत जवळ घ्या.