डोंगल आधी बघा, मग एक्सपीला नावं ठेवा

भाऊ, जुन्या मराठी डीटीपीसाठी विंडोज एक्सपीचं वेगळं मशीन जोडा या माझ्या सल्ल्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तिच्यासाठी आज मुद्दाम काँप्युटर जोडायला सांगणं म्हणजे लोकांना खड्ड्यात घालणं. जुनं सॉफ्टवेअर चालवायचंच तर व्हर्च्युअल मशीन (नव्या काँप्युटरच्या आत प्रोग्रॅमने चालवलेला जुना काँप्युटर) आहे. आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांनी आता एकदाचं युनिकोडवर, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतावर, यावं.

पहिल्या मुद्द्यावर भांडण नाहीच. म्हणूनच हे एक्सपीचं मशीन नेटला लावायचं नाही. नुसती वायर काढून भागत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडतात त्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ऑनबोर्ड लॅन डिसेबल करा, म्हणजे घरातल्या कुणी उत्साहाने वायर खोचली तरी काही बिघडत नाही.

दुसरा मुद्दा निम्मा बरोबर आहे, आणि कुठला निम्मा ते डोंगल, म्हणजे काँप्युटरला खोचायची सॉफ्टवेअरची चावी, ठरवतं. जळगाव-धुळ्याकडे घरी बसून डीटीपी करणाऱ्या ज्यांच्यासाठी हे लिहितो, त्यांच्याकडे पान लावायचं पेजमेकर ६.५ किंवा ७ आणि जोडीला युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टचं पॅकेज आहे. ते पॅकेज डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही. डोंगल यूएसबीचं असेल तर तुमचंच ऐकावं, नवं काही जोडू नये. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीनच्या प्रोग्रॅममध्ये एक्सपीला १ जीबी रॅम, २० जीबीची डिस्क आयडीई कंट्रोलरवर, नेटवर्क ‘नॉट अटॅच्ड’, आणि यूएसबी फिल्टरमध्ये डोंगलचं नाव. आत डोंगलचा ड्रायव्हर आधी टाकायचा, डोंगल नंतर लावायचं. झालं.

पण डोंगल २५ पिनांचं, पॅरलल पोर्टचं (जुन्या प्रिंटरच्या पोर्टचं) असेल तर गोष्ट वेगळी. बाजारात मिळणारी यूएसबी-टू-पॅरलल वायर प्रिंटरपुरती असते. डोंगलचा ड्रायव्हर ३७८ या पत्त्यावर थेट पोर्टशी बोलायला जातो आणि त्या वायरीच्या मागे तो पत्ताच नसतो. पीसीआय कार्ड बसवलं तर पोर्ट मिळतो, पण बहुतेक वेळा भलत्याच पत्त्यावर, आणि जुना ड्रायव्हर तिथे बघतच नाही. व्हर्च्युअल मशीनला द्यायला मुळात आजच्या बहुतेक बोर्डांवर हा पोर्टच नसतो. म्हणून जुनं मशीन. हौस म्हणून नाही.

बोर्ड जी४१ किंवा एच६१ चिपसेटचा घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटला किंवा कुठल्याही जुन्या सामानाच्या दुकानात विचारताना ‘मागे एलपीटी (म्हणजे पॅरलल पोर्ट) पाहिजे’ एवढं सांगा. मागे नसेल तर बोर्डावर २६ पिनांचा हेडर आहे का बघा. असेल तर पट्टी आणि वायर वेगळी मिळते. जी४१ वर कोअर टू ड्युओ, एच६१ वर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा आय३. चौथ्या पिढीवर जाऊ नका, तिथून पुढे ऑनबोर्ड ग्राफिक्सचा एक्सपी ड्रायव्हर इंटेलने दिलेला नाही. रॅम २ जीबी पुष्कळ झाली; ३२ बिटची एक्सपी ४ जीबी टाकली तरी सव्वातीनच्या आसपासच दाखवते. बायोसमध्ये पॅरलल पोर्ट ३७८, आयआरक्यू ७ ठेवा. पोर्टचा मोड ईसीपी असताना डोंगल सापडत नसेल तर ईपीपी किंवा नॉर्मल करून बघा. आणि हे डोंगल मशीन चालू असताना काढायचं-घालायचं नाही, पोर्ट उडतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सॅटा मोडवर, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने (नवी एएचसीआय की जुनी आयडीई) बोलतो त्या सेटिंगवर. एच६१ बोर्ड एएचसीआयवर असेल तर एक्सपीच्या साध्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नसतो. सेटअपला डिस्क दिसत नाही किंवा ७बी क्रमांकाची निळी स्क्रीन येते. बायोसमध्ये मोड आयडीई करा, विषय संपतो. खरी गंमत पुढे, वर्षभराने होते. मशीन छान चाललेलं असतं आणि एके सकाळी तीच ७बी. लोक हार्डडिस्क गेली समजून फॉरमॅट मारतात. गेलेला असतो तो बोर्डावरचा सीआर२०३२ सेल. सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर येतं, बऱ्याच बोर्डांवर मोड परत एएचसीआय होतो, आणि लॅनही परत चालू होतं, हे विसरू नका. तारीख २०१० किंवा २०१२ दिसली की समजा सेल. नवा टाका, सेटिंग बदला. लाइट गेली की बायोस सेलवरच तग धरतं, म्हणून ज्यांच्याकडे लाइट रोज जाते त्यांनी सेल गेल्याशिवाय बदलायचाच नाही हा हट्ट सोडावा. जी४१ ला डिस्क सांभाळणारी चिप बहुतेक आयसीएच७ असते, त्यात एएचसीआय नाहीच, म्हणून मला तो बोर्ड जास्त आवडतो.

एसएसडी लावणार असाल तर पार्टिशन एक्सपीच्या सेटअपमध्ये करू नका. ती ६३ व्या सेक्टरपासून सुरुवात करते, त्यामुळे प्रत्येक लिखाणाला दुप्पट काम होतं. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून पार्टिशन करून घ्या आणि एक्सपीला फक्त फॉरमॅट करू द्या. एक्सपीला ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली ते एसएसडीला कळवणं) येत नाही, म्हणून पाव भाग रिकामा, पार्टिशनशिवाय सोडा. सीडी मात्र मूळ सर्व्हिस पॅक ३ ची. ‘हलकी’ म्हणून विकली जाणारी छाटलेली एक्सपी नको, त्यात कधीकधी प्रिंटची सर्व्हिसच उडवलेली असते, आणि आपलं सगळं काम प्रिंटचं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि नेमकी तीच लग्नाची तारीख. प्रोसेसरवरची पेस्ट बदलूनच मशीन वापरात घ्या, एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायमधली) धूळ काढा. कूलरचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओल धरून रॅमचे पाय काळे पडतात आणि मशीन नुसतं बीप बीप करतं. खोडरबरने पाय घासले की बहुतेक वेळा सुरू होतं.

आता तुमची व्हायरसची भीती. नेट नसलं तरी गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आहेच, आणि नवरदेवाचा फोटो त्यातूनच येतो. तो पेनड्राइव्ह एक्सपीला कधीच लावायचा नाही. आधी लिनक्स मिंट असलेल्या दुसऱ्या मशीनवर उघडायचा, फोटो आणि मजकूर तेवढा घरच्या पेनड्राइव्हवर घ्यायचा, बाकी शॉर्टकट-बिर्टकट तिथेच राहू द्यायचे. घरचा पेनड्राइव्ह एफएटी३२. एक्सपीत ऑटोरन सगळ्या ड्राइव्हसाठी बंद. विंडोज १० किंवा ११ मध्ये एसएमबी१ (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करून दोन मशीन जोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, एका जुन्या खिडकीसाठी घराचं दार काढून ठेवण्यासारखं आहे ते.

नव्या प्रिंटरला एक्सपीचा ड्रायव्हर नसतो हे तुम्ही लिहिलंय ते खरं, पण इथून प्रिंट काढायचीच नाही. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईची) फाइल, अॅडोबीच्या डिस्टिलरमधून तिची पीडीएफ, तीही सगळे फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे पीडीएफमध्येच भरून. डिस्टिलरची ‘नेव्हर एम्बेड’ यादी रिकामी केली नाही तर छापखान्यात पत्रिकेवर इंग्रजी अक्षरांचा खिचडा येतो. पीडीएफ कुठल्याही नव्या मशीनवर छापा.

युनिकोडचं म्हणाल तर नवं काम युनिकोडमध्येच करावं, यात दुमत नाही. अडचण जुन्या फाइलींची आहे. इनडिझाइन सीएस६ पेजमेकरच्या फाइली उघडतं, त्यानंतरच्या आवृत्त्या उघडत नाहीत. आणि उघडल्या तरी मजकूर जुन्या फॉन्टच्या संकेतांतच राहतो. त्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला असतो. रफार अक्षराच्या मागून येतो. कन्व्हर्टर ‘किरण’ सरळ करतो, पण ‘कार्तिकी’ किंवा ‘मूर्ती’पाशी चुकू शकतो, आणि पत्रिकेत नाव चुकलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून बदललेला मजकूर जुन्या छापील प्रतीशी ओळीओळीने ताडून बघावा लागतो, आणि त्यासाठी मूळ फाइल उघडणारं मशीन लागतंच.

डोंगलला डुप्लिकेट नाही, ते कधीतरी जाणारच. तोवर दरवर्षी लागणाऱ्या फाइली आधी घ्या: कानबाईच्या उत्सवाचं पत्रक, शाळेची प्रगतिपुस्तकं, पतपेढीचे अहवाल. प्रत्येक फाइल पेजमेकरच्या ‘सेव्ह अॅज’मध्ये ‘ऑल लिंक्ड फाइल्स’ निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, त्यातच फॉन्ट आणि पीडीएफ ठेवा. आणि सगळं जमून मशीन नीट चालायला लागलं की त्याच दिवशी क्लोनझिलाने डिस्कची इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घ्या.