उतारवयात सिगारेट टिकवून ठेवताना

साठी उलटली, मुले मार्गी लागली, नोकरीधंद्याचे ओझे उतरले आणि तरीही हातातली सिगारेट सुटलेली नाही, अशा चिकाटीच्या वाचकांसाठी हा लेख आहे. चाळीस-पन्नास वर्षांची ही सोबत ऐन उतारवयात एखाद्या डॉक्टरच्या किंवा नातवंडाच्या बोलण्याला भुलून तुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. मी स्वतः या परीक्षेत ६३व्या वर्षी नापास झालो असल्यामुळे पाय नेमका कुठे घसरतो हे मला चांगले ठाऊक आहे, आणि निदान तुमच्यावर तरी ती वेळ येऊ नये असे मनापासून वाटते.

सर्वप्रथम एक वाक्य तोंडपाठ करावे: ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ ते म्हणताना किंचित हसावे, नजर दूर कुठेतरी लावावी आणि जमल्यास धूर सावकाश सोडावा. व्हायचे ते नुकसान होऊन गेले, हा त्यातला युक्तिवाद इतका भारदस्त आहे की समोरचा माणूस सहसा गप्प बसतो. मात्र त्याचे वाचन चांगले असेल तर तो रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची नावे काढील, तेव्हा सावध असावे. या दोघांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून त्यांच्या सवयी लिहून घेतल्या, आणि त्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा माग पुढे पन्नास वर्षे काढण्यात आला. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सिगारेट न सोडणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याची ती जवळजवळ सगळी वर्षे वाचतात, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याची नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्याचीसुद्धा तीन वाचतात. यावर उत्तर तयार असू द्यावे. तीन वर्षे म्हणजे जवळपास अकराशे दिवस, आणि इतक्या सकाळी उठून करायचे तरी काय, असा उलट प्रश्न विचारावा. शिवाय डॉल यांच्या निःपक्षपातीपणाविषयीही शंका घेता येते, कारण पुरावा दिसू लागताच या गृहस्थांनी स्वतःची सिगारेट बंद केली आणि मग ते ९२ वर्षांचे होईपर्यंत जगले. संशोधकाने आपल्याच निष्कर्षावर इतका विश्वास टाकणे बरे दिसत नाही.

आपल्या बाजूचा साक्षीदार हवा असेल तर जीन काल्मां यांचे नाव घ्यावे. फ्रान्समधील या बाई १२२ वर्षे जगल्या, १९९७ साली वारल्या, आणि सिगारेट त्यांनी ११७व्या वर्षी सोडली असे सांगतात. म्हणजे तुमच्यापाशी अजून भरपूर मुदत आहे. सिगारेट शेवटपर्यंत न सोडणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे तिच्यापायीच मरतात, हा तपशील त्याच ओघात सांगण्याची गरज नाही. ती माणसे गप्पांच्या बैठकीला येत नसल्यामुळे तुमचे उदाहरण खोडून काढायला कोणी नसते.

आता जिन्याविषयी. धाप लागते हे कोणाच्या लक्षात न येऊ देणे ही एक कला आहे आणि ती वळणावरच्या चौथऱ्यावर शिकावी लागते. तेथे पोहोचताच चपलेचा पट्टा नीट करावा, किल्ली खिशात आहे ना ते चाचपावे, भिंतीचा पोपडा न्याहाळावा. आमच्या जिन्यातल्या पोपड्याची प्रत्येक कड मला पाठ होती. पावसाळ्यात तो किती वाढला हे मी न बघता सांगू शकत असे. मागून कोणी येत असेल तर ‘तुम्ही व्हा पुढे’ असे म्हणावे. दम गेलेला माणूस सभ्य दिसतो, हा या सवयीचा एक दुर्लक्षित फायदा आहे.

कधीतरी मात्र तुम्हाला फुफ्फुसांच्या तपासणीला नेतीलच. तेथे नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि शेजारी उभी असलेली मुलगी ‘फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका’ असे म्हणत राहते. जन्मभर आपण हवा आत ओढण्याचाच सराव केलेला असल्यामुळे ती बाहेर टाकताना थोडी तारांबळ उडते. काही ठिकाणी आलेल्या आकड्यावरून ‘फुफ्फुसांचे वय’ काढून सांगतात. मी ६२ वर्षांचा होतो आणि माझी फुफ्फुसे ८४ वर्षांची निघाली. वडीलधारी मंडळी इतक्या जवळ राहत असल्याची मला तोपर्यंत कल्पनाच नव्हती.

अशा वेळी डॉक्टर जे समजावतात ते अर्धेच ऐकावे. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो या संशोधकांनी १९७७ साली मांडलेली गोष्ट अशी, की श्वासाची ताकद तरुणपणानंतर प्रत्येकाचीच हळूहळू उतरत असते, सिगारेटमुळे अनेकांचा तो उतार फार तीव्र होतो, आणि ती सोडल्यावर गमावलेली ताकद परत मिळत नसली तरी पुढचा उतार न ओढणाऱ्यांच्या चालीवर येतो. ‘परत मिळत नाही’ एवढे शब्द पकडावेत आणि तिथेच उठावे. पुढे थांबलात तर उरलेल्या ताकदीचा हिशेब सुरू होतो, आणि गेलेल्या पैशांवर हळहळणाऱ्या माणसालाही शिल्लक दाखवली की तो ती जपू लागतो.

मनाला टोचणी लागलीच तर सिगारेट सोडू नये, कमी करावी. दिवसाला वीसऐवजी एक ओढणाऱ्याच्या हृदयाचा वाढीव धोका विसाव्या हिश्शावर येत नाही, तो निम्म्याच्या आसपास राहतो, असे २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवण्यात आले. विसाव्या भागाच्या खर्चात निम्मा धोका पदरात पडणार असेल, तर इतका किफायतशीर व्यवहार दुसरा कोणता? ‘लाइट’ सिगारेटचाही पर्याय आहे. तिच्या फिल्टरला बारीक छिद्रे असतात, ती धूर मोजणाऱ्या यंत्राला उघडी सापडतात आणि माणसाच्या बोटांखाली झाकली जातात; शिवाय निकोटिन कमी पडले की आपण झुरका जरा खोल घेतोच. मोतीबिंदू, डोळ्याच्या पडद्याची झीज, ठिसूळ झालेली हाडे, जखमा भरायला लागणारा वेळ, या सगळ्याचे खापर वयावर फोडावे. वय कधी तक्रार करत नाही.

एवढे करूनही एखाद्या दिवशी चुकून सिगारेट बंद झाली तर परिणामांची तयारी असावी, कारण ते फार लवकर सुरू होतात. वीस मिनिटांत नाडीचे ठोके उतरू लागतात. रक्तातला ऑक्सिजनची जागा अडवून बसलेला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावरील धुराने लुळे पडलेले सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, त्यामुळे काही आठवडे खोकला वाढू शकतो. ही संधी दवडू नये. ‘सोडली आणि खोकला सुरू झाला’ हे वाक्य अशा वेळी अत्यंत परिणामकारक ठरते. बंद केल्याचे डॉक्टरांना मात्र सांगावे लागते, हे मी थट्टेने लिहीत नाही: धुरामुळे दम्यावरच्या थिओफायलिनसारखी काही औषधे शरीरातून झपाट्याने बाहेर टाकली जातात, आणि धूर थांबला की तोच डोस जास्त होऊ शकतो. डॉक्टरांकडे गेलातच तर ते निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंग गम, तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या असले काहीबाही पुढे करतील. मदत घेऊन सोडणे हे पुरुषार्थाला शोभत नाही असे सांगून ते नाकारावे, मग स्वबळावर प्रयत्न करावा, आणि तो फसला की विषय कायमचा मिटवावा. बहुतेकांची सिगारेट अनेक प्रयत्नांनी सुटते, ही बातमी घरात कोणाच्या कानावर जाऊ देऊ नये.

सर्वांत मोठा धोका मात्र तलफेकडूनच आहे. ती दिसते तितकी चिवट नसते. पहिला आठवडा फार वाईट जातो, चिडचिड होते, झोप उडते, हे खरे. पण एकेक तलफ उसळते, काही मिनिटे जीव खाते आणि सिगारेट मिळो अथवा न मिळो, ओसरते. म्हणून लायटर नेहमी एकाच खिशात ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या संध्याकाळी माझा सापडेना. मी सदऱ्याचे खिसे पाहिले, कपाटाचे तिन्ही खण उपसले, उशी उचलली, गुडघ्यांवर टेकून पलंगाखाली हात घातला. आणि धुळीने माखलेला तो लायटर अखेरीस मुठीत आला तेव्हा आपण तो शोधत कशासाठी होतो, हेच मला क्षणभर आठवेना.