सॉल्टन सीच्या भूकंपमालिकेवरील आक्षेपाला उत्तर

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सॉल्टन सी या खाऱ्या सरोवराकाठी, बॉम्बे बीचजवळ, सप्टेंबर २०१६ मध्ये झालेल्या भूकंपमालिकेवरचा माझा लेख विनाकारण भीती पसरवतो, असे आपण लिहिले आहे. लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण मोकळा होतो, तेव्हा अशा मालिकांचे स्वागतच करायला हवे, हा आपला दुसरा मुद्दा.

पहिल्या आक्षेपातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. ‘सॅन अँड्रियास भ्रंश जागा होत आहे’ हे माझे वाक्य चुकीचे होते. भ्रंश म्हणजे जमिनीतली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात; सॅन अँड्रियास हा कॅलिफोर्नियातला सर्वांत मोठा भ्रंश. ते धक्के या मुख्य भ्रंशावर नव्हे, तर त्याच्या दक्षिण टोकापाशी आडव्या गेलेल्या लहान भ्रंशांच्या जाळ्यात झाले होते.

ताण मोकळा होण्याची कल्पना मात्र हिशेबात टिकत नाही. तीव्रतेचा अंक एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या मालिकेतला सर्वांत मोठा धक्का ४.३ तीव्रतेचा होता; ७ तीव्रतेच्या भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला तसे ११ हजारांहून अधिक धक्के व्हावे लागतील, आणि तेही ज्या भ्रंशावर ताण साठला आहे त्याच भ्रंशावर. सॅन अँड्रियासच्या या दक्षिण भागात सुमारे ३०० वर्षांत मोठा भूकंप झालेला नाही आणि त्याच्या दोन बाजूंच्या पॅसिफिक व उत्तर अमेरिकी भूपट्टांचे, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांचे, सरकणे या काळात थांबलेले नाही, म्हणून ताण साठतच गेला आहे. शेजारच्या आडव्या भ्रंशांवरील शे-दोनशे किरकोळ धक्क्यांनी तो साठा रिता होत नाही.

उलट, एका भ्रंशावरचा ताण सुटताना शेजारच्या भ्रंशावर वाढू शकतो, आणि माझ्या मते काळजीचे खरे कारण हेच आहे. नोव्हेंबर १९८७ मध्ये याच खोऱ्यात एल्मोर रँच या आडव्या भ्रंशावर ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि साधारण बारा तासांत त्याला जवळपास काटकोनात असलेल्या सुपरस्टिशन हिल्स भ्रंशावर ६.६ तीव्रतेचा. २०१६ मधल्या धक्क्यांची जागा पाहताना ही जोडी आठवणे स्वाभाविक होते.

तरीही बहुतेक मालिका काहीही न घडता विरतात, हे आपले म्हणणे खरे आहे. २००९ मध्ये बॉम्बे बीचजवळच ४.८ तीव्रतेचा धक्का असलेली मालिका होऊन गेली. २०१२ मध्ये दक्षिणेला ब्रॉलीजवळ शेकडो धक्के बसले, त्यांतला सर्वांत मोठा ५.४ तीव्रतेचा होता. या खोऱ्यात कवच ताणले जाऊन पातळ झाले आहे, खाली उष्णता आणि गरम पाणी भरपूर आहे, त्यामुळे मालिका येणे हा तिथल्या जमिनीचा स्वभावच आहे. म्हणूनच अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१६ मध्ये भाकीत केले नाही, शक्यता सांगितली: पुढच्या सात दिवसांत ७ किंवा अधिक तीव्रतेचा भूकंप होण्याची शक्यता ०.०३ ते १ टक्का. एरवी कोणत्याही आठवड्यात ती सुमारे सहा हजारांत एक असते. म्हणजे धोका काही पटींनी वाढला होता आणि तरी तो भूकंप न होण्याचीच शक्यता ९९ टक्के वा अधिक होती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. आपण दुसरे घेऊन पहिले सोडून दिलेत, आणि मी लेखात नेमके उलटे केले.

भ्रंश जागा होण्याचे ते वाक्य आज काढले आहे. टक्केवारी तशीच ठेवून तिच्या शेजारी सहा हजारांत एक हा आकडाही घातला आहे.