शिफारसपत्रावरची सही

गेल्या रविवारी एक जुना विद्यार्थी घरी आला. आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, संशोधनही बरं चाललंय. बगलेत स्पायरल केलेली जाडजूड फाईल, तीन प्रती. कुठल्याशा संशोधन पुरस्काराचा प्रस्ताव. त्यात माझं शिफारसपत्रही होतं, म्हणजे माझ्या नावाचं. मजकूर त्यानेच टाईप करून आणलेला. "सर, तुम्ही फक्त खाली सही करा." वाचलं तर मी त्याला 'द्रष्टा संशोधक' म्हटलेलं. म्हटलं, "अरे, तू हुशार आहेसच, पण ते 'द्रष्टा' तेवढं काढ." त्याने पेनाने खोडलं, मी सही केली, चहा झाला. निघताना चप्पल घालत म्हणाला, "फाईल नाही केली तर काहीच करत नाही असं समजतात हो, सर."

तेव्हापासून डोक्यात नाशिकजवळची देवळाली घोळतेय, आणि एक प्रश्न: देशाच्या विज्ञान अकादमीच्या अध्यक्षाचं खरं काम काय?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. या माणसाने ६१७४ शोधला. माझ्या स्कूटरचा नंबर ४८२१, त्यावर करून बघा. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजा करा. ८४२१ वजा १२४८, ७१७३. पुन्हा तेच: ६३५४. मग ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि तिथे गाडी थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. चारही आकडे सारखे नसले की झालं, कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. सिग्नलला पुढच्या गाडीच्या नंबरवर मी हे अजूनही करतो. (मागचे हॉर्न वाजवतात.)

आपल्याकडच्या गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. पोरखेळ म्हटलं. बरंचसं लेखन त्यांनी स्वखर्चाने छापलं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घेतल्या. मग १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. तेव्हा कापरेकरांचं वय सत्तर.

आता कोणी म्हणेल, हे करमणुकीचं गणित, यात खोली किती? मान्य. त्यांना विज्ञान अकादमीचे फेलो, म्हणजे निवडून घेतलेले सदस्य, करायलाच हवं होतं असं मी म्हणत नाही. पण दिल्ली-बंगळुरूच्या अकादम्यांतून एक तरी माणूस नाशिक रोडला उतरून देवळालीची बस धरून जायला काय हरकत होती?

राष्ट्रीय अकादम्यांची रीत साधारण अशी की आधीचे फेलो नवी नावं सुचवतात, समित्या चाळतात, मग मतदान. ही रीत मोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. मंत्र्याच्या चिठ्ठीपेक्षा समव्यवसायिकांची पारख केव्हाही बरी. पण फेलोला जो माहीत, तोच सुचवला जाणार. इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी १९३५ची. तिला पहिली महिला अध्यक्ष, चंद्रिमा शाहा, मिळाल्या २०२०मध्ये. ८५ वर्षं लागली. त्यात कुणाचा दुष्टपणा असेलच असं नाही. नजर सवयीने जाते तिथेच जाते.

सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ला बंगळुरूची अकादमी काढली आणि त्याच वर्षी तिचं नियतकालिकही सुरू केलं. अकादमी म्हणजे नुसती मानकऱ्यांची यादी नव्हे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तेच रामन १९७०मध्ये जाईपर्यंत अध्यक्ष राहिले. ३६ वर्षं! इतकी वर्षं एकाच खुर्चीत बसलं की खिडकी तीच आणि बाहेर दिसतं तेही तेच. माणूस मोठा म्हणून हे बोलायचं नाही, असं थोडंच आहे?

अकादमीच्या अध्यक्षाने पदकं वाटावीत, भाषणं करावीत, सरकारशी भांडावं (हे हल्ली कमी झालंय). पण माझ्या लेखी त्याचं खरं काम म्हणजे फाईल न करणाऱ्यांना शोधत फिरणं. लांब कशाला, निफाडला या. कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रातून गव्हाची वाणं निघाली, त्यांची नावं बघा: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. शेतकरी बांधावर उभा राहून ही नावं घेतो. वाण कोणी काढलं, त्याला विचारा. सांगता येणार नाही. एका वाणामागे आठ-दहा वर्षं जातात, निवड सुरू करणारा कित्येकदा वाण येईपर्यंत निवृत्त झालेला असतो. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत आता 'विज्ञान टीम' हा वेगळा गट आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. पहिल्यांदा तो चांद्रयान-३ च्या चमूला मिळाला, आनंदच आहे. पण चंद्र सगळ्यांना दिसतो हो.

बरं, ज्यांना सगळे ओळखतात त्यांचं तरी वेळेवर होतं का? नारळीकर सर २०२१ला आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. मे २०२५मध्ये गेले. याच राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांतला सर्वोच्च 'विज्ञान रत्न' त्यांना जाहीर झाला ऑक्टोबरमध्ये.

असो. पुढच्या रविवारी देवळालीला चक्कर टाकणार आहे. १९६२ किंवा त्याआधी कापरेकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेलं तुमच्या घरात कोणी असेल, आजोबा, मामा, कोणीही, तर कृपया कळवा. आता पंचाहत्तरी ओलांडली असेल त्यांनी. मास्तर फळ्यावर कसे लिहायचे, पोरांना आकडे घालायचे का, चिडायचे का, एवढंच विचारायचं आहे. वही घेऊन मीच येईन.