नंबर सांगा, नातं जोडू

दुकान टाकलंत, अभिनंदन. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, गल्ल्यामागे लक्ष्मीचा फोटो लागला. आता पहिलं काम गिऱ्हाइकाशी नातं जोडण्याचं. मालाचं नंतर बघू. माल हल्ली सगळ्यांकडे सारखाच असतो आणि भावही दहा-वीस रुपये इकडेतिकडे. खरा फरक नात्याने पडतो, असं मार्केटिंगवाले सांगतात. त्यांचं ऐकलंच पाहिजे, कारण त्यांची फी आपण आगाऊ भरलेली असते.

नात्याची सुरुवात नावाने करू नका, नंबराने करा. परवा मी दोन बनियन घ्यायला गेलो होतो. रोख पैसे हातात, सुट्टेसुद्धा मोजून घेतलेले. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "मोबाईल नंबर?" म्हटलं, "रोख देतोय, बाबा." तर म्हणाला, "नंबरशिवाय बिल निघत नाही, सर. सिस्टिम घेत नाही."

हे शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा. त्यात मुलाची चूक नाही, मॅनेजरची नाही, मालकाची तर नाहीच नाही. पाऊस पडत नाही, तसं सिस्टिम घेत नाही. मी मुकाट्याने नंबर दिला. मग ओटीपी येईना. मुलगा मशीनकडे बघतोय, मी मोबाईलकडे, मागची रांग माझ्याकडे. शेवटी माझ्या मागच्या बाईंना राहवेना. त्यांनी स्वतःचा नंबर सांगितला, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी टुणकन आला आणि माझं बिल सुटलं. आता त्या दुकानाच्या लेखी त्या बाई ९५ साईजच्या पुरुषी बनियन वापरतात. त्यांना दर पंधरा दिवसांनी 'खास तुमच्यासाठी' म्हणून बनियनवर सूट जात असणार. नातं असं जुळतं. जन्मोजन्मीचं.

कुणी चिकट गिऱ्हाईक म्हणेल की मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सूचना काढली आहे, बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. त्यात म्हटलंय की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. अशा गिऱ्हाइकाशी वाद घालू नका. त्याला हसून सांगा, "बरोबर आहे सर, पण पॉइंट मिळणार नाहीत." मराठी माणूस तत्त्वासाठी भांडेल, कोर्टात जाईल, पण सोळा पॉइंट सोडणार नाही.

हे पॉइंट म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण त्यात सगळी गंमत आहे. शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट द्यायचा. एका पॉइंटची किंमत पंचवीस पैसे ठेवायची, पण ते कुठे लिहायचं नाही. पाचशे पॉइंट जमल्याशिवाय ते वापरता येणार नाहीत असा नियम करायचा, आणि एक वर्षात ते बाद होतील असा दुसरा. म्हणजे वर्षाला पन्नास हजारांची खरेदी करील त्याला सव्वाशे रुपयांचा लाभ, तोही त्याला आठवण राहिली तर. न वापरता मेलेल्या पॉइंटांना या धंद्यात 'ब्रेकेज' म्हणतात आणि त्याचा अंदाज आधीच बांधलेला असतो. फक्त बाद व्हायच्या आदल्या रात्री मेसेज टाकायला विसरू नका: 'तुमचे ४९२ पॉइंट तुमची वाट बघत आहेत.' आठ कमी आहेत, हे त्याचं त्याला कळेल. तो येईल. आठ पॉइंटांसाठी आठशेचा शर्ट घेऊन जाईल आणि घरी बायकोला सांगेल, सव्वाशे रुपये वाचवले.

मेसेजमध्ये नाव हवं. नावाने हाक मारली की माणूस विरघळतो. नाव भरायची जागा मोकळी राहून 'प्रिय फर्स्ट नेम, आम्हाला तुमची आठवण येते' असं गेलं, तरी घाबरू नका. भावना पोचल्या.

ऑनलाइन दुकान असेल तर काम आणखी सोपं. 'ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं' ही युक्ती अ‍ॅमेझॉनने १९९८ च्या सुमारास आणली. ती हुशार युक्ती आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. तुम्ही मात्र तिची स्वस्तातली आवृत्ती घ्या, जी कुकर घेतलेल्या माणसाला पुढचे तीन महिने कुकर दाखवत राहते. पाच लिटरचा घेतला? तीन लिटरचा बघा. तोही बघितला? मग साडेसातचा. जणू गृहस्थाला शिट्ट्यांचा नाद लागलाय. त्याने बिचाऱ्याने लग्नात आहेर द्यायला घेतला होता, आता नवऱ्यामुलीचं बाळ रांगायला लागलं तरी कुकर त्याच्या मागे लागलेलाच.

अ‍ॅपवर काय काय करावं याचा तयार अभ्यासक्रम सरकारनेच छापून दिलाय. ३० नोव्हेंबर २०२३ ला गिऱ्हाइकाला गंडवण्याच्या तेरा ऑनलाइन तऱ्हांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं निघाली. खोटी घाई करणं, न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत सरकवणं, किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं, नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण ठेवणं. सगळं नावानिशी आणि उदाहरणांसह. इतकी व्यवस्थित यादी कुठल्या मॅनेजमेंटच्या कॉलेजात मिळणार नाही. 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं बटण तुम्ही पाहिलं असेलच. आमच्या आत्याबाई अशाच बोलायच्या. 'राहू दे हो, तुम्हाला कशाला आमच्याकडचं आवडतंय!' म्हटलं की समोरचा निमूट तिसरी पुरणपोळी घ्यायचा. आत्याबाईंचं ज्ञान फुकट गेलं, आता त्याला डिझायनर लागतो.

आणि एक सावधगिरी: फार ओळखू नका. निदान ओळखतो असं दाखवू नका. अमेरिकेत टार्गेट नावाच्या मोठ्या दुकानाच्या आकडेवाल्यांनी वीस-पंचवीस वस्तूंच्या खरेदीवरून कुठल्या गिऱ्हाइकाला दिवस गेलेत आणि बाळ केव्हा होणार याचा अदमास काढायला सुरुवात केली. बिनवासाचं लोशन, झिंकच्या गोळ्या, असल्या खुणांवरून. ही गोष्ट २०१२ मध्ये छापून आली. पण घरी कुणाला सांगायच्या आधी दुकानच बाळाच्या वस्तूंची कुपनं धाडतंय म्हटल्यावर माणूस बिचकणारच. तेव्हा त्यांनी उपाय काढला. लंगोटांच्या कुपनाशेजारी गवत कापायच्या यंत्राची जाहिरात छापायची, म्हणजे सगळं सहज आलंय असं वाटतं. आपल्याकडे गवत कापायचं यंत्र चालणार नाही. डिंकाच्या लाडवांशेजारी ताडपत्री छापा.

तिकडे इंग्लंडात टेस्को नावाच्या मोठ्या दुकानसाखळीने १९९५ मध्ये क्लबकार्ड काढलं, म्हणजे आपलं पॉइंटांचंच कार्ड. चाचणीचे आकडे बघून त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्लॉरिन आकडेवाल्यांना म्हणाले होते की मला तीस वर्षांत माझ्या गिऱ्हाइकांबद्दल जे कळलं नाही, ते तुम्हाला तीन महिन्यांत कळलंय, याचीच मला भीती वाटते. हे वाचलं तेव्हा मला आमचा साताऱ्यातला वाणी आठवला. त्याला तीस वर्षांत सगळं कळलं होतं, आणि म्हणूनच तुम्ही त्याचं काहीएक घेऊ नये.

त्याच्याकडे लाल कापडी बांधणीची लांब वही होती. वडिलांचा पगार सात तारखेला, हे त्याला ठाऊक. साखर अर्धा किलो जास्त गेली की पाहुणे आलेत हे ठाऊक. आई तूरडाळ मागायला गेली की कधीकधी म्हणायचा, "वहिनी, आज नका नेऊ. ही डाळ शिजत नाही. शुक्रवारी नवीन पोतं फुटेल, मी पोराबरोबर पाठवतो." आता सांगा, पोत्यात डाळ आहे, समोर गिऱ्हाईक आहे, हातात पिशवी आहे, आणि हा म्हणतो नेऊ नका! आमच्या आजोबांना साखरेचा त्रास. ते संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि हळूच दुकानाशी थांबून पेढे मागायचे. तो हात जोडायचा. "दादा, वहिनींनी सांगून ठेवलंय." आजोबा चिडायचे, दुसऱ्या दुकानी जाईन म्हणायचे. जायचे नाहीत. एका पेढ्याचा धंदा असा रोज बुडायचा.

तो काही संत नव्हता. त्याच्या तराजूला त्याच्या बोटाची सवय होती, आणि उधारी तीन महिने थकली की भर चौकात हाक मारायचा, "काय मास्तर, ओळख विसरलात का?" तुमचा मेसेज कसा खासगीत येतो, त्याची आठवण सगळ्या पेठेला ऐकू जायची. पण त्याच्या वहीत जे होतं ते त्याच्या डोक्यातही होतं. तुमच्या दुकानात ही जोखीम घेऊ नका. काउंटरवरचा मुलगा दर चार महिन्यांनी बदलत राहा. तो रुळला, तर गिऱ्हाइकांना ओळखायला लागेल, मग पगारवाढ मागेल, मग डाळ शिजत नाही असं खरं सांगून मोकळा होईल.

राहिला वाढदिवस. नंबरासोबत जन्मतारीख घ्याच, कारण वाढदिवसाचा मेसेज म्हणजे नात्याचा कळस. आमच्या आईची सगळ्या दुकानांत १ जून आहे. तिच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली तीच, पुढे आधार कार्डावर चढली तीच. गेल्या १ जूनला सकाळी साडेसहापासून तिचा मोबाईल वाजत होता. चष्म्याचं दुकान, औषधांचं दुकान, चपलांचं दुकान आणि एक साडीचं. साडीवाल्यांनी लिहिलं होतं, 'तुमच्या खास दिवशी वीस टक्के सूट, फक्त आज.'

आई तयार होऊन निघाली. भजनी मंडळातल्या तिघीही निघाल्या, कारण त्यांनाही तोच मेसेज आला होता. चौघींनी मिळून दीड तासात चाळीसेक साड्यांच्या घड्या मोडायला लावल्या, चार घेतल्या आणि काउंटरवर आधार कार्डं ओळीने मांडली. मुलाने एक बघितलं, दुसरं बघितलं, मग चारही पुन्हा बघितली.

"आजी, चौघींचा वाढदिवस आज?"

"आमच्या वयाच्या निम्म्या गावाचा आजच असतो," आई म्हणाली.

मुलाला शंका आली असावी. "पण खरा कधी असतो?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

त्याने बोट कीबोर्डवर ठेवलं. "तारीख सांगा ना."

"अरे, ती दरवर्षी बदलते."

मुलगा थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, सिस्टिम घेत नाही."

"मग राहू दे आजचीच," आई म्हणाली. "ते वीस टक्के तेवढे काप."