फाशीआधी माणूस बघायलाच लागतो भाऊ

फाशीच्या शिक्षेवरच्या एका लेखात म्हटलंय की फाशीच्या केसमध्ये आरोपीचं वय, गरिबी, जेलमधलं वागणं बघत बसणं म्हणजे पीडितांच्या जखमेवर मीठ चोळणं. राग समजतो, आमच्या जळगाव-धुळ्याकडं पण अशी बातमी आली की टपरीवर पहिला शब्द फाशीच निघतो. पण हे काय कोर्टाचे लाड नाहीत हो, १९८० च्या बचनसिंग निकालातच सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की गुन्ह्यासोबत गुन्हेगार पण बघा, सुधारण्याची शक्यता बघा आणि जन्मठेप अजिबात पुरणार नाही तिथंच फाशी द्या.

आता प्रत्यक्षात काय चालतं, अमळनेरला एका खुनाच्या केसमध्ये शिक्षेवरचं म्हणणं ऐकलंय मी, वकील उठले, "साहेब तरुण आहे, पहिलाच गुन्हा, घरी म्हातारे आईबाप", संपलं! आई बाहेर व्हरांड्यात पदर तोंडाला लावून बसलेली, पोरगा कसा वाढला, डोक्यावर काही परिणाम होता का, तिला कोणी विचारलंच नाही. म्हणून तर २०२२ च्या मनोज निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मानसिक तपासणी, घरची परिस्थिती, जेलचा रिपोर्ट हे सगळं ट्रायल कोर्टातच, म्हणजे खटला चालतो त्या खालच्या कोर्टातच मागवा.

आणि फाशी टळली म्हणजे सुटला असं कोण म्हणतं? सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या श्रद्धानंद केसपासून मरेपर्यंत जेल, शिक्षेत सूट नाही, अशी पण शिक्षा देता येते. पीडितांच्या घरच्यांना तारखांचा त्रास होतो हे लेखकाचं मात्र शंभर टक्के पटलं, पण रिपोर्ट खालच्याच कोर्टात आले तर वरती वर्षानुवर्षं तेच उकरत बसायला कमी लागेल ना.